टाके निघाल्यानंतरचे दिवस

कुत्र्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया झाल्यावर घरच्यांची खरी परीक्षा पहिल्या आठवड्यात होत नाही, ती टाके निघाल्यानंतर सुरू होते. पहिल्या आठवड्यात जनावर आपण होऊनच पडून असते. दुखते म्हणून पाय टेकत नाही आणि पाय टेकत नाही म्हणून त्याला फारसे आवरावेही लागत नाही. पुढे सूज उतरते, वेदना ओसरतात, भूक परत येते, फाटकाशी कोणी आले की शेपटी हलू लागते, आणि आतले हाड मात्र अजून अर्धवटच जुळलेले असते. कुत्र्याला ते कळण्याचा काही मार्ग नाही. आमच्या भुरीच्या शुश्रूषेत औषधे आणि मलमपट्टी यांचा वाटा थोडाच होता. तिला बरे वाटत असताना बरे झाल्यासारखे वागू न देणे, हेच मोठे काम होते.

भुरी सात वर्षांची लॅब्रेडॉर. काही महिने ती सकाळी उठताना मागच्या डाव्या पायाने लंगडायची आणि दुपारपर्यंत ठीक व्हायची. मग चैत्राच्या सुरुवातीला अंगणात मांजराच्या मागे वळताना तिने तो पाय वर धरला, तो पुन्हा नीट टेकलाच नाही. इथल्या, धुळ्यातल्या पशुवैद्यांनी एका हाताने मांडीचे हाड घट्ट धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे सरकवून दाखवली. निरोगी गुडघ्यात ती अशी सरकत नाही. गुडघ्याच्या आत एकमेकांना छेदणारे दोन अस्थिबंध असतात, त्यांपैकी पुढचा तुटला होता. माणसांचा हा अस्थिबंध बहुधा खेळताना झटका बसून तुटतो. कुत्र्यांचा मात्र बहुतेक वेळा महिनोन्महिने झिजत जातो, एकेक तंतू सुटत जातो आणि शेवटचे काही तंतू एखाद्या किरकोळ उडीचे निमित्त होऊन तुटतात. त्यामुळे मांजराला बोल लावण्यात काही अर्थ नव्हता, तरी माझ्या सासूबाई त्याला अजूनही बोल लावतात.

लहान, हलक्या कुत्र्यांमध्ये सांध्याच्या बाहेरून मजबूत दोरा ओवून भागवता येते. भुरीचे वजन तेव्हा 36 किलो होते, म्हणून मुंबईच्या शल्यविशारदांनी ‘टीपीएलओ’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत सुचवली, जी अमेरिकेतील पशुशल्यविशारद बार्कली स्लोकम यांनी विकसित केली आणि 1993 मध्ये सविस्तर प्रसिद्ध केली. कुत्र्याच्या नडगीचा वरचा पृष्ठभाग सपाट नसतो, मागच्या बाजूला उतरता असतो. हा उतार सरासरी 25 अंशांच्या आसपास भरतो आणि त्यामुळे प्रत्येक पावलाला मांडीचे हाड त्यावरून मागे घसरू पाहते. अस्थिबंध शाबूत असेपर्यंत तो ही घसरण रोखून धरतो. या शस्त्रक्रियेत तुटलेला अस्थिबंध जोडतच नाहीत. नडगीचे वरचे टोक अर्धगोल करवतीने कापून, थोडे फिरवून उतार साधारण 5 अंशांवर आणतात आणि धातूची पट्टी व स्क्रू लावून ते तिथे पक्के करतात. म्हणजे घरी आलेल्या कुत्र्याच्या पायात एक मुद्दाम कापलेले हाड असते. ही एक गोष्ट घरातल्या सगळ्यांच्या मनात ठसली की पुढचे नियम वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. ते हाड जुळायला 8 ते 12 आठवडे लागतात.

परतीचा प्रवास मुंबई-आग्रा महामार्गाने झाला. गाडीच्या मागच्या सीटपुढची मोकळी जागा पोती आणि गोधड्या कोंबून भरून काढली आणि वर जाड गादी अंथरली, म्हणजे कसारा घाटातल्या वळणांवर ती खाली घसरणार नाही. पहिल्या रात्री ती सारखी कण्हत होती. भुलीचा आणि वेदनाशामक इंजेक्शनांचा अंमल उतरताना असे होते, आणि दोन-तीन दिवस शी झाली नाही तरी घाबरण्याचे कारण नसते. लघवी मात्र झाली पाहिजे.

फरशीचा बंदोबस्त मात्र तिला आणण्याआधीच करून ठेवला होता. गावाकडच्या शेणाने सारवलेल्या घरात हा प्रश्न आलाच नसता. आमच्या देवपूरच्या घरात सगळीकडे चकचकीत टाइल्स आहेत. अशा फरशीवर कुत्रे नखे रोवायला बघते, बोटे फाकवते, आणि नखांना पकड मिळाली नाही की मागचे पाय दोन्ही बाजूंना सरकतात. ताज्या शस्त्रक्रियेनंतर असे एकदा जरी झाले तरी पट्टी आणि स्क्रू यांवर नको तो ताण येतो. नुसती सतरंजी अंथरून भागत नाही, कारण ती स्वतःच सरकते. आम्ही शेतावरून तरटाची रिकामी पोती मागवली, उसवून सपाट केली, दाभणाने एकमेकांना जोडली आणि कडा रुंद चिकटपट्टीने फरशीला डकवल्या. तिच्या कोपऱ्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून अंगणाच्या दारापर्यंत तरटाची एक वाट तयार झाली, आणि विशेष म्हणजे भुरी ती वाट सोडून टाइल्सवर पाऊल ठेवायला स्वतःच नाखूश असे. नखे कापून घेतली, तळव्याच्या गाद्यांमधले वाढलेले केसही कापले. या केसांमुळे पाय अधिकच घसरतो आणि त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

बसण्याउठण्याची जागा म्हणून दिवाणखान्याचा एक कोपरा भिंत, लोखंडी कपाट आणि जाळीचे फाटक यांनी बंद केला. तिला वळता यावे, चारी पाय पसरून झोपता यावे, पण धाव घेता येऊ नये, इतकाच तो मोठा होता. दिवाणावर खुर्च्या उलट्या घालून ठेवल्या, कारण आमची पाठ वळली की ती उडी मारणार हे ठरलेले. गच्चीच्या जिन्याची अडचण त्याहून मोठी होती. खान्देशात वैशाखात घरात झोप लागत नाही, सारे घर गच्चीवर अंथरुणे टाकते, आणि भुरी पिल्लू असल्यापासून आमच्याबरोबर वर झोपत आलेली. म्हणून त्या उन्हाळ्यात आळीपाळीने एकजण खाली तिच्याजवळ, कूलरसमोर झोपत असे. जिन्याला फाटक लावूनही ती एकटी खाली राहिली असती तर रात्रभर रडत फाटकावर पंजे मारत बसली असती, आणि मग त्या फाटकाचा उपयोग काय?

अंगणात नेताना पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढून एक जुना सुती पंचा घालून त्याची दोन्ही टोके वर धरायची आणि पुढे गळ्याचा पट्टा दुसऱ्या हातात ठेवायचा. तिला उचलायचे नसते, नुसता तोल सांभाळायचा असतो. नर कुत्रा असेल तर पंचा लघवीच्या जागेवर येणार नाही असा धरावा लागतो. पहिले तीन दिवस बर्फाचा शेक होता: बर्फाची पिशवी पातळ रुमालात गुंडाळून गुडघ्यावर दहा ते पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. चाळीस अंशांच्या वर गेलेल्या दुपारी हा उपचार तिला फार आवडला. पिशवी काढली की ती मान वळवून बघत असे.

याच सुमारास गुडघ्यावरची सूज कमी होऊन खाली, मागच्या पायाच्या टाचेशी, लिंबाएवढी मऊ गाठ दिसू लागली. बोटाने दाबले की खळगा पडे आणि हळूहळू भरून येई. पाहणारा घाबरतो, पण गुडघ्याभोवती साचलेला द्रव गुरुत्वाकर्षणाने खाली उतरल्यामुळे असे होते आणि काही दिवसांत ते आपोआप ओसरते. गाठ गरम नाही, तिथे दाबल्यावर कुत्रे ओरडत नाही, जखमेतून पू किंवा दुर्गंधीयुक्त पाणी येत नाही, इतके पाहायचे. यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचे. जखमेचा रोज एक फोटो मोबाइलवर काढून ठेवणे फार कामी येते, कारण कालच्यापेक्षा आज लाली वाढली की घटली हे डोळ्यांच्या आठवणीवर सांगता येत नाही.

औषधांच्या बाबतीत एक गोष्ट मी ठासून सांगेन. आपल्या घरातल्या डब्यातली अंगदुखीची गोळी कुत्र्याला द्यायची नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही माणसांची नेहमीची औषधे कुत्र्याच्या जठरात व्रण पाडू शकतात आणि मूत्रपिंडांना इजा करू शकतात. (डायक्लोफेनॅकच्या जनावरांसाठीच्या वापरावर आपल्याकडे 2006 मध्ये बंदी आली, ती मात्र वेगळ्याच कारणाने: ते औषध टोचलेली मेलेली गुरे खाऊन गिधाडे मरत होती.) भुरीला पशुवैद्यांनी वजनावरून मोजून दिलेले मेलॉक्सिकॅम होते, तेही जेवणाबरोबरच, उलटी झाली, खाणे सुटले किंवा शी डांबरासारखी काळी झाली तर पुढचा डोस थांबवून लगेच फोन करायचा, अशी ताकीद होती. अशा औषधाबरोबर स्टेरॉइड चालत नाही, म्हणून कातडीच्या जुन्या आजारासाठी कुत्र्याला आधीपासून काही सुरू असेल तर ते सांगायला विसरू नये.

गळ्याभोवतीच्या प्लास्टिकच्या शंकूबद्दल सगळ्यांना दया येते. टाके निघेपर्यंत, म्हणजे 10 ते 14 दिवस, तो काढायचा नाही. कुत्र्याच्या चाटण्याने जखम बरी होते हा समज जखम उकलायला पुरेसा असतो.

खान्देशच्या उन्हाळ्यात या सगळ्यावर आणखी एक पेच पडतो. कुत्रे वेदनेने धापा टाकते आणि उकाड्यानेही धापा टाकते, मग ओळखायचे कसे? आम्ही पहाटेची वेळ प्रमाण मानली. गारव्यात, कूलर चालू असताना, शांत झोपायच्या वेळीसुद्धा ती धापा टाकत असेल, जागा बदलत असेल, तर ते दुखणे समजायचे. शिवाय थर्मामीटर होता. कुत्र्याचे शरीराचे तापमान मुळातच आपल्यापेक्षा जास्त, साधारण 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते, हे माहीत नसले तर निरोगी कुत्र्यालाही ताप आहे असे वाटते. वीज गेली की ओल्या फडक्याने तिचे पंजे आणि पोट पुसायचे, टाक्यांना पाणी लागू द्यायचे नाही. फिरवणे सूर्योदयाआधी आणि रात्री उशिरा. डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्यावर कुत्र्याचा पंजाही ठेवायचा नाही, आणि आमच्या रस्त्यावर तो चटका सूर्य मावळल्यानंतरही बराच वेळ राहतो.

मध्येच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधले जातात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस यांवर चार दिवस घर डोलत असते. दार सतत उघडे आणि प्रत्येक हातात काहीतरी खाऊ. बऱ्या होऊ घातलेल्या कुत्र्यासाठी याहून अवघड आठवडा शोधून सापडणार नाही. नणंदबाईंचा दहा वर्षांचा मुलगा येताक्षणी तिच्याशी खेळायला धावला, तेव्हा त्याला रागावण्याऐवजी फाटकाची जबाबदारी देऊन टाकली. फाटकाची कडी लावली की नाही, कोणी भुरीला काय दिले, ती किती वेळा बाहेर गेली, हे सगळे तो एका वहीत लिहून ठेवायचा, आणि त्याच्या तावडीतून त्याचे आजोबाही सुटले नाहीत. ‘नानांनी पोळीचा तुकडा टाकला, मी पाहिले’ अशी नोंद त्या वहीत आजही आहे. पोळीच्या तुकड्यापेक्षा मला भीती होती ती रश्शाची आणि आंब्याच्या कोयीची. आपल्याकडच्या काळ्या मसाल्याच्या भाजीत कांदा-लसूण भरपूर, आणि हे दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतात. कोय गिळली तर आतड्यात अडकून दुसरी शस्त्रक्रिया ओढवते.

पाहुणे गेले, टाके निघाले, केस पुन्हा उगवू लागले, आणि मग ज्याबद्दल सुरुवातीला लिहिले तो काळ सुरू झाला. भुरी आता चारही पाय टेकत होती. दाराची घंटी वाजली की उसळत होती. शेजारच्या बापूंनी तिला पट्ट्याला धरून, पावलापावलाने अंगणातून चालवताना पाहिले आणि म्हणाले, “कुत्राना पायसाठे इतला खटाटोप! सोडी द्या ना तिले.” बापूंचे बोलणे मनापासूनचे होते आणि दिसायला बरोबरही होते, कारण दिसायला ती बरी झालीच होती. पण हाड जुळण्याचा वेग कुत्र्याच्या उत्साहावर ठरत नाही. म्हणून आठ आठवड्यांचा एक्स-रे होईपर्यंत तिला पट्ट्याशिवाय घराबाहेर काढायचे नाही, अगदी अंगणातल्या लघवीलासुद्धा नाही, हा नियम आम्ही कोणाच्याही शब्दाखातर मोडला नाही.

चालवण्याची रीत अशी होती की सुरुवातीला एका वेळी फक्त पाच मिनिटे, पण दिवसातून तीन-चार वेळा, आणि डॉक्टरांच्या संमतीने दर आठवड्याला त्यात पाच मिनिटांची भर. चाल मुद्दाम अतिशय संथ ठेवायची. कुत्रे जलद चालले की दुखरा पाय उचलून तीन पायांवर सहज निभावून नेते. संथ चालताना मात्र प्रत्येक पाऊल टाकावेच लागते आणि मांडीचा वाळलेला स्नायू त्यामुळेच भरून येतो. आमच्या घरामागे एक मोकळा प्लॉट आहे, तिथली धूळ पिठासारखी बारीक. पहाटे त्या धुळीत तिचे पंजे उमटत, ते मी वाकून पाहत असे. सुरुवातीला उजव्या पंजाचा ठसा पूर्ण, आणि डाव्याच्या जागी फक्त मधल्या दोन बोटांचे टोकदार ठिपके. मग बाजूची बोटे दिसू लागली, आणि बऱ्याच दिवसांनी मागच्या मोठ्या गादीचा बदामी आकार उमटला, तोही उजव्यापेक्षा उथळ. पाय टेकते आहे म्हणजे वजन घेते आहे असे नाही, हे त्या धुळीत जितके स्पष्ट दिसले तितके चालताना कधी दिसले नाही.

घरातला व्यायाम सोपा होता, पण त्याला निवांतपणा लागतो. आधी कोमट शेक द्यायचा; बर्फाचे दिवस संपल्यावर, सूज उतरल्यावरच. मग तिला उजव्या कुशीवर झोपवून, डाव्या पायाला मांडी आणि पोटरी दोन्हीकडे आधार देत, गुडघा हळूहळू वाकवायचा आणि हळूहळू सरळ करायचा, दहा ते पंधरा वेळा. तिने पाय आखडला किंवा मान वळवून हाताकडे पाहिले की तिथेच थांबायचे. पुढच्या टप्प्यात बसवणे आणि उठवणे आले, भिंतीला लागून, म्हणजे दुखरा पाय बाजूला काढून बसायची पळवाट तिला उरत नाही. एवढी हुशार कुत्री दिवसभर कोपऱ्यात कोंडून ठेवली तर ती कंटाळून काहीतरी उपद्व्याप करणार, म्हणून तिच्या वाटच्या जेवणाचे दाणे जुन्या टॉवेलच्या घड्यांमध्ये गुंडाळून शोधायला देत असू. बिनमिठाच्या पातळ ताकाचा बर्फ तिला चाटायला मिळे. नाकाने काम करून कुत्रे थकते, आणि त्यात गुडघ्याला काही धक्का बसत नाही.

वजनाचा विषय घरात सर्वांत जास्त वादाचा ठरला. ‘आजारी आहे, तिला खाऊ द्या’ या भावनेशी भांडणे सोपे नाही. पण हालचाल बंद झाल्यावर आहार तेवढाच ठेवला तर वजन वाढते, आणि वाढलेला प्रत्येक किलो त्याच गुडघ्यावर येतो. लॅब्रेडॉरच्या खादाडपणाला तर शास्त्रीय आधारच आहे: केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिले की अनेक लॅब्रेडॉर कुत्र्यांमध्ये भूक भागल्याचा संदेश देणाऱ्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. त्याआधी, 2002 मध्ये, 48 लॅब्रेडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले होते. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न दिले गेले. कमी खाणारी कुत्री जवळपास दोन वर्षे जास्त जगली आणि त्यांना सांधेदुखीवरचे उपचारही उशिरा लागले. मी हे आकडे सासूबाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले की त्या उपाशी कुत्र्यांना कोणी विचारले होते का. तरीही दूध-भाकरी बंद झाली, मोजून कोरडे अन्न आले, आणि पोट भरल्यासारखे वाटावे म्हणून उकडलेला दुधी किंवा गिलके, मीठ-मसाल्याशिवाय. खान्देशात केळीचा सुकाळ, आणि एखादी चकती कुत्र्याला चालते. पण केळे गोड असते, ते अख्खे देऊ नये. वजन 36 वरून 31 किलोंवर आले. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर बोटांना सहज लागाव्यात, हे माप सगळ्यांना समजेल असे आहे.

मोठ्या शहरांत अशा कुत्र्यांसाठी पाण्यातले व्यायाम असतात आणि ते फार उपयुक्त असतात, कारण पाणी वजन तोलते आणि स्नायूला काम मिळते. ते ऐकून आमच्या एका नातेवाइकांनी त्यांच्या शेततळ्यात भुरीला पोहायला आणण्याचा प्रेमळ आग्रह धरला. शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर असते आणि कडा तीव्र उताराच्या असतात. आत गेलेले धडधाकट जनावरसुद्धा वर चढू शकत नाही आणि दमून बुडते. दुखऱ्या पायाच्या कुत्र्याला तिथे नेण्याचा विचारही करू नये. पाण्याचा व्यायाम मिळत नसेल तर संथ चालणे आणि नंतर हलका चढ, एवढ्यावर काम भागते.

आठ आठवड्यांनंतरच्या एक्स-रेमध्ये कापलेल्या जागेची रेषा पुसट झालेली दिसली आणि हळूहळू मोकळीक द्यायला परवानगी मिळाली. हळूहळू म्हणजे आधी लांब पट्टा, मग बंद अंगणात थोडा वेळ, आणि इतर कुत्र्यांशी दंगामस्ती सर्वांत शेवटी. सुधारत आलेले कुत्रे एकाएकी पुन्हा लंगडू लागले, किंवा चालताना गुडघ्यातून टक् असा आवाज येऊ लागला, तर ‘मुरगळले असेल’ म्हणून वाट पाहू नये. सांध्यातली कूर्चेची गादी फाटलेली असू शकते, स्क्रू ढिला झालेला असू शकतो किंवा आत जंतुसंसर्ग असू शकतो.

आता लक्ष उजव्या पायाकडे आहे. एका गुडघ्याचा अस्थिबंध झिजून तुटलेल्या कुत्र्यांपैकी अनेकांचा दुसराही पुढच्या एक-दोन वर्षांत तुटतो, असे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले आहे. त्याची चाहूल बसण्यातून लागते: गुडघा दुखत असेल तर कुत्रे टाच खाली घेऊन सरळ बसत नाही, तो पाय बाहेर टाकून कलून बसते. भुरी सध्या दोन्ही टाचा खाली घेऊन बसते आहे. दिवाणाशेजारी उताराची फळी ठोकून घेतली आहे, तरट काढून त्या जागी रबरी चटया आल्या आहेत, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी बँकेत एक वेगळे आवर्ती खाते उघडले आहे, ज्याच्या पासबुकावर आमच्या भाच्याने पेन्सिलीने भुरीचे नाव लिहून ठेवले आहे.